टकमक टोकावरचा बाण कुठे गेला?

परवा माझी भाची शाळेच्या प्रकल्पाला बसली होती. सहावीत आहे ती. विषय होता रायगड. तिने संगणकाच्या पडद्यावर रायगडाचा उपग्रहातून दिसणारा नकाशा शोधला, टकमक टोक सापडल्यावर माउसचा बाण बरोबर त्याच्यावर नेऊन ठेवला आणि आईचा मोबाइल घेऊन पडद्याचा फोटो काढला.

फोटो पाहून तिचं तोंड उतरलं. नकाशावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटली होती. एका बाजूला तिच्याच हाताची सावली पडली होती आणि सगळ्या किल्ल्यावर रंगीत लाटा पसरल्या होत्या.

“मामा, रायगडावर या लाटा कुठून आल्या?”

मी म्हटलं, “लाटांचं नंतर सांगतो. आधी कीबोर्डवर वरच्या ओळीत उजवीकडे बघ. ‘प्रिंट स्क्रीन’ नावाची कळ सापडली? दाब ती.”

तिने दाबली. आवाज नाही, उजेड नाही, काहीच नाही.

“काही झालंच नाही!”

“झालंय. आता पेंट उघड, आणि कंट्रोलची कळ दाबून ठेवून व्ही दाब.”

आणि पेंटच्या कोऱ्या कागदावर अख्खा रायगड येऊन बसला! लख्ख, स्वच्छ. लाटा नाहीत, ट्यूबलाइट नाही, सावली नाही. तिच्या धाकट्या भावाने पडद्याच्या काचेवर चांदणीचं स्टिकर चिकटवून ठेवलंय, ते खऱ्या पडद्यावर तसंच होतं, पण चित्रात नव्हतं. भाची खूश झाली. मग एकदम थांबली.

“मामा, टकमक टोकावर ठेवलेला बाण कुठे गेला?”

वा! शास्त्रज्ञाला शोभेल असा प्रश्न. चला, त्या बाणाच्या मागावर निघू या.

आधी लाटांचा निकाल लावू

घरात मच्छरदाणी असेल तर तिचे दोन पदर एकमेकांवर धरा आणि एक पदर हळूहळू सरकवा. जाळीत नसलेल्या लाटा तुम्हांला दिसू लागतील. दोन बारीक जाळ्या एकमेकींवर आल्या आणि त्यांची घरं नीट जुळली नाहीत, की अशी नक्षी तयार होते. तिला ‘मोआरे’ म्हणतात.

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चिप असते, तीही जाळीच. कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढला तेव्हा या दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या आणि रायगडावर लाटा आल्या. प्रिंट स्क्रीनच्या चित्रात लाटा नव्हत्या, कारण तिथे दुसरी जाळीच नव्हती. म्हणजे तिथे कॅमेराच नव्हता! मग ते चित्र आलं कसं?

दोन मैत्रिणी आणि चौकटीची वही

हा खेळ आजच खेळून बघा. गणिताची चौकटीची वही घ्या. दहा उभे, दहा आडवे असे शंभर चौकोन आखा आणि त्यांत रंगीत खडूंनी चित्र काढा. घर, मासा, काहीही. अट एकच : प्रत्येक चौकोनात एकच रंग.

आता मैत्रिणीला दुसऱ्या खोलीत कोरी वही घेऊन बसवा. तुम्ही तुमच्या चित्रातला एकेक चौकोन मोठ्याने वाचत जा : “पहिली ओळ. निळा, निळा, निळा, लाल...” ती ऐकेल तसा रंग भरत जाईल. शंभर चौकोन झाले की दोन्ही वह्या शेजारी ठेवा. चित्र तेच!

तुमच्या मैत्रिणीने तुमचं चित्र पाहिलंच नव्हतं. तुमच्या वहीवर चहाचा डाग पडला असता तर तो तिच्या वहीत गेला असता का? नाही, कारण डाग तुम्ही वाचून दाखवलाच नसता. तिच्याकडे पोहोचली ती फक्त रंगांची यादी.

प्रिंट स्क्रीनची कळ नेमकं हेच करते. पडद्यावर कुठल्या चौकोनात कुठला रंग दाखवायचा, याची भलीमोठी यादी संगणकाच्या स्मृतीत तयार असते. ती राखून ठेवलेली जागा म्हणजे ‘फ्रेम बफर’. बहुतेक पडदे ही यादी दर सेकंदाला साठ वेळा नव्याने वाचून चित्र उभं करतात. आपण कळ दाबली की संगणक त्या यादीची एक नक्कल काढतो. काचेबाहेर काय आहे, ते त्याला ठाऊकच नसतं. म्हणून चांदणीचं स्टिकर चित्रात आलं नाही. मोबाइलची काच तडकलेली असेल तर त्याच्या पडद्याची अशीच नक्कल, म्हणजे स्क्रीनशॉट, घेऊन दुसऱ्या मोबाइलवर पाठवून बघा. तडा तिकडे पोहोचत नाही!

चोवीस दिवसांचं काम

ही यादी किती मोठी असते? या चौकोनांना ‘पिक्सेल’ म्हणतात. आजकाल अनेक पडद्यांवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० पिक्सेल असतात. गुणाकार करा : २०,७३,६००. वीस लाखांहून जास्त!

आता समजा, तुम्ही हे चौकोन मैत्रिणीला वाचून दाखवायला बसलात. सेकंदाला एक. झोप नाही, जेवण नाही, शाळा नाही. किती वेळ लागेल? एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. भागाकार करून पाहा, उत्तर नेमकं २४ दिवस येतं. बाकी शून्य! तुमचं चोवीस दिवसांचं काम संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो.

आणि ‘लाल’, ‘निळा’ असं नुसतं म्हणून त्याचं भागत नाही. प्रत्येक पिक्सेलसाठी तो तीन आकडे ठेवतो : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यातला. तिन्ही शून्य असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा. लाल २५५, हिरवा १५३ आणि निळा ५१ घेतला की सुरेख केशरी. लाल आणि हिरवा दोन्ही पूर्ण, निळा शून्य, की पिवळा! रंगपेटीतला लाल आणि हिरवा मिसळून पिवळा कधीच होत नाही, पण हे प्रकाशाचे रंग आहेत, त्यांचं गणित वेगळं. या तीन आकड्यांतून एकूण १,६७,७७,२१६ रंग बनवता येतात.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मोठ्यांना विचारून चालू मोबाइलवर पांढरं पान उघडा आणि काडीच्या टोकाने काचेवर पाण्याचा एक बारीकसा थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो. त्याच्यातून पांढऱ्या जागी लाल, हिरवे आणि निळे कण दिसतील. पाहून झालं की कोरड्या कापडाने लगेच पुसून घ्या.

चित्राचे असे चौकोन पाडण्याची युक्ती बरीच जुनी आहे. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राने वाचून संगणकात नेला. संगणकात नेलेला तो पहिला फोटो. १७६ आडवे, १७६ उभे, एवढेच त्याचे चौकोन. सेकंदाला एक या वेगाने तुम्ही तो सुमारे साडेआठ तासांत वाचून संपवाल.

मग बाणाचं काय?

स्टिकर काचेबाहेर होतं, म्हणून आलं नाही. पण माउसचा बाण तर संगणकानेच काढलेला होता!

त्याचं असं आहे. बाण सारखा इकडून तिकडे पळत असतो. तो चित्रातच रंगवला तर प्रत्येक हालचालीला त्याच्याखालचं चित्र पुन्हा रंगवत बसावं लागेल. म्हणून संगणक बाण वेगळा ठेवतो. रंगांची यादी पडद्याकडे निघाली की अगदी शेवटच्या क्षणी बाण तिच्यावर ठेवला जातो. देवघरातल्या तसबिरीवर हार घालतात ना, तसंच. हार काढला तरी तसबीर तशीच राहते. प्रिंट स्क्रीन नक्कल काढतो ती हाराविना तसबिरीची. बाण हवाच असेल तर तो यादीत मुद्दाम घालावा लागतो, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असतेही.

याच कारणाने पूर्वी एक जादू घडायची. विंडोज एक्सपीच्या काळात चालू सिनेमाचा स्क्रीनशॉट घेऊन पेंटमध्ये चिकटवला, की पुष्कळदा पेंटच्या चित्रात तो सिनेमा चालू दिसायचा! झालेलं असं असायचं, की सिनेमाच्या चौकटीत संगणक एक ठरावीक रंग भरून ठेवायचा आणि पडद्याच्या त्या भागात जिथे हा रंग दिसेल तिथे शेवटच्या क्षणी सिनेमा बसवायचा. स्क्रीनशॉटमध्ये फक्त तो रंग यायचा. तोच रंग पेंटमध्ये त्याच जागी आला, की संगणक तिथेही सिनेमा दाखवायचा. सिनेमा बंद केला की पेंटमध्ये उरायचा नुसता रंगाचा चौकोन.

अदृश्य पॅड

भाचीने कळ दाबली तेव्हा “काही झालंच नाही” असं तिला वाटलं. तेवढ्या वेळात रायगड होता कुठे?

परीक्षेला तुम्ही चिमटा लावलेलं पॅड नेता ना? इंग्रजीत त्यालाच क्लिपबोर्ड म्हणतात. संगणकातही एक अदृश्य क्लिपबोर्ड असतो. नक्कल केलेली वस्तू त्याच्या चिमट्यात अडकून राहते. चिमट्यात एका वेळी एकच वस्तू मावते, दुसरी आली की पहिली निसटते. आणि संगणक बंद झाला की हे पॅड रिकामं होतं. म्हणून स्क्रीनशॉट घेतला की लगेच चिकटवा आणि साठवून ठेवा. नव्या विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि व्ही एकदम दाबून आधीच्या वस्तूही परत मिळवता येतात, मात्र ती सोय सुरू करून ठेवावी लागते.

नक्कल काढायची आणि चिकटवायची, ही पद्धत संगणकात आणणाऱ्यांपैकी एकाचं नाव लक्षात ठेवा : लॅरी टेस्लर. १९७०च्या दशकात, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या प्रयोगशाळेत टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर केलं. ते कुणासाठी होतं माहीत आहे? शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनाच्या संपादकांसाठी. त्या काळी संपादक मजकुराचे कागद खरोखरच कात्रीने कापत आणि गोंदाने दुसरीकडे चिकटवत. आपल्याकडेही वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्यांच्या पट्ट्या कापून मोठ्या कागदावर लावण्याचं काम रात्री उशिरापर्यंत चाले. त्याला ‘पेस्टिंग’च म्हणत. ती कात्री आणि तो गोंद टेस्लर यांनी संगणकात आणला. कीबोर्डच्या खालच्या ओळीत एक्स, सी आणि व्ही शेजारी शेजारी आहेत, एका हाताला पोहोचतील अशा. एक्स म्हणजे कापा, सी म्हणजे नक्कल काढा, व्ही म्हणजे चिकटवा.

प्रिंट स्क्रीन या नावातही एक आठवण दडली आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या संगणकावर ही कळ शिफ्टबरोबर दाबली की पडद्यावरची अक्षरं थेट प्रिंटरवर कागदावर छापून येत. म्हणून तिचं नाव ‘पडदा छापा’. आज तिने छपाई सोडली, नाव मात्र राहिलं.

आता तुमच्या कामाच्या युक्त्या. विंडोजवर आल्टची कळ दाबून ठेवून प्रिंट स्क्रीन दाबलं तर फक्त समोरची खिडकी येते. विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकदम दाबल्या तर हवा तेवढाच तुकडा माउसने आखून घेता येतो. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ३ दाबलं की अख्खा पडदा मिळतो, ४ दाबलं की हवा तेवढा तुकडा. काही नव्या संगणकांवर प्रिंट स्क्रीन दाबल्यावर तुकडा निवडायची पट्टी लगेच समोर येते. ते दिसलं तर गोंधळू नका.

चिकटवल्यावर खरी गंमत

चित्र पेंटमध्ये आलं की ते शक्य तितकं मोठं करून पाहा. आठशे टक्क्यांवर नेलं की रायगड विरघळून जातो आणि चौकटीची वही समोर येते. नकाशावर लिहिलेल्या एखाद्या काळ्या अक्षराच्या काठावर जा. काठ नुसता काळा-पांढरा नसतो. तिथे करडे चौकोन असतात, काही संगणकांवर तर एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर. अक्षराची वेलांटी, मात्रा गोलसर दिसावी म्हणून संगणकाने केलेली ही सगळी मेहनत आहे. चौकोनांतून गोलाई काढायची म्हणजे काठावर फिकट रंगांच्या पायऱ्या ठेवायच्या.

आणि चित्र आकड्यांचं आहे म्हटल्यावर ते सुधारणं म्हणजे गणितच! चित्र उजळ करायचं? एक साधी रीत म्हणजे प्रत्येक आकड्यात ३० मिळवायचे. पण एखाद्या जागी आधीच २४० असतील तर? २७० होतील, आणि मर्यादा तर २५५ची. म्हणून फार उजळ केलेल्या फोटोत आकाश पांढरंफटक पडतं. रंग उलटे करायचे? प्रत्येक आकडा २५५मधून वजा करा. मघाचा केशरी घ्या : २५५, १५३, ५१. वजाबाकी करून उरतात ०, १०२, २०४. हा झाला निळा! पेंटमध्ये रंग उलटे करण्याची सोय आहे, तिथे हे उत्तर ताडून पाहा.

याहून मोठी कामं करणारी सॉफ्टवेअरही आहेत. थॉमस आणि जॉन नॉल या दोन अमेरिकन भावांनी सुरू केलेलं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. ते वापरायला पैसे मोजावे लागतात. गिंप मात्र सगळ्यांना फुकट मिळतं. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ साली करायला घेतलं होतं. गिंपमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकदम दाबलं की चिकटवलेलं चित्र आपल्याच मापाच्या नव्या कागदावर येतं. या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ‘थर’ असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. नकाशा खालच्या कागदावर, बाण वरच्या कागदावर. बाण चुकला तर वरचा कागद बदला, नकाशाला धक्का लागत नाही.

साठवताना स्क्रीनशॉट शक्यतो ‘पीएनजी’ प्रकारात ठेवा. त्यात एकही आकडा बदलत नाही. ‘जेपीईजी’ हा प्रकार निसर्गाच्या, माणसांच्या फोटोंसाठी छान आहे. तो जागा वाचवण्यासाठी डोळ्याला सहज कळणार नाहीत असे बारकावे गाळतो. पण अक्षरांच्या कडेला ते गाळणं दिसतं, तिथे धुरकट ठिपके उमटतात.

एवढं मात्र जपा

स्क्रीनशॉट दुसऱ्याला पाठवण्याआधी त्याचे चारही कोपरे तपासा. कुठे आईचा फोन नंबर, घरचा पत्ता, पासवर्ड दिसतोय का? दिसला तर तो भाग कापून टाका किंवा त्याच्यावर पूर्ण भरलेला काळा चौकोन काढा. नुसता धूसर करू नका. धूसर केलेल्या आकड्यांवरून मूळचे आकडे ओळखता येऊ शकतात. २०२३ साली तर असं उघडकीला आलं, की काही मोबाइल आणि संगणकांमधल्या चित्र कापण्याच्या सोयीत चूक होती. कापून टाकलेला भाग फाइलच्या शेपटीत उरत होता. फळ्यावरच्या लांब वाक्याच्या जागी छोटं वाक्य लिहिलं आणि उरलेलं पुसायचं राहून गेलं, तसं. ती चूक दुरुस्त झाली आहे. पण गुपित पडद्यावर असताना स्क्रीनशॉट घ्यायचाच नाही, ही सवय कुठल्याही दुरुस्तीपेक्षा चांगली.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. कंट्रोल-व्ही केल्यावर तुम्ही जसे आकडे बदलू शकता, तसे ते दुसराही बदलू शकतो. मग मोबाइलवर एखादा स्क्रीनशॉट येतो : ‘अमक्याने असं म्हटलं’, ‘उद्या शाळेला सुट्टी’. आकडे बदललेत की नाही, हे चित्राकडे नुसतं पाहून कळत नाही. तेव्हा आधी मूळ जागी जाऊन बघा. सुट्टीची बातमी असेल तर बाईंना विचारा. खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नका.

भाचीचा प्रकल्प रात्री पूर्ण झाला. गेलेला बाण तिने नव्या थरावर स्वतः काढला, ठळक लाल, बरोबर टकमक टोकावर. नकाशाखाली तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहिलं. मग मला न विचारता तिने आणखी एक ओळ लिहिली : ‘लाल बाण मूळ नकाशात नाही, तो मी काढला आहे.’

दोस्तांनो, तुम्हीही पडद्यावरचं चित्र घ्या, चिकटवा, हवं तसं सजवा. आणि जे तुम्ही बदललंत, ते चित्राखाली लिहायला विसरू नका.